सागरतीरीचा यजमान : आन्टोन डोर्न

गाण्याची बैठक रंगली की दुसऱ्या दिवशी गावात बोलणे होते ते गवयाचे. फार तर तबलजीचे. दिवाणखाना कोणी मोकळा करून दिला, बाहेरगावच्या मंडळींच्या उतरण्याची व्यवस्था कोणी पाहिली, रात्रभर मागे बसून तंबोरा कोणी छेडला, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. विद्येच्या इतर प्रांतांतही असेच घडते. प्राणिशास्त्राच्या इतिहासात मोठमोठ्या शोधकांची नावे आपण वाचतो. परंतु ते शोध ज्या ठिकाणी लागले ते ठिकाण उभे करण्यात ज्याने आपले आयुष्य आणि आपले द्रव्य खर्ची घातले, त्याचे चरित्र मराठी वाचकांस फारसे परिचित नाही. नेपल्सच्या समुद्रकाठी जगातील प्राणिशास्त्रज्ञांची बैठक घालणारे आन्टोन डोर्न हे असे एक यजमान होते.

डोर्न ह्यांचा जन्म २९ डिसेंबर १८४० रोजी स्टेटिन येथे झाला. बाल्टिक समुद्राजवळचे हे शहर तेव्हा प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये असून त्यास श्चेत्सिन म्हणतात. आजोबांनी साखरेच्या धंद्यात चांगला पैसा मिळविला होता. वडील कार्ल आउगुस्ट ह्यांचे मन मात्र धंद्यापेक्षा गाण्यात, स्पॅनिश नाटकांच्या भाषांतरात आणि सर्वांत अधिक कीटकांच्या अभ्यासात रमे. विख्यात संगीतकार फेलिक्स मेंडेलसन हे त्यांचे स्नेही. त्यांनाच धाकट्या मुलाचा धर्मपिता केले आणि त्यांच्यावरूनच मुलाचे पूर्ण नाव फेलिक्स आन्टोन असे ठेवले. घरात स्वर आणि शास्त्र दोन्ही एकत्र नांदत होते.

त्या घरात आणखी एक गोष्ट होती, आणि पुढील हकिगतीच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. स्टेटिन येथे कीटकशास्त्राचे एक मंडळ होते व त्या मंडळाचे नियतकालिक १८४० साली, म्हणजे आन्टोनच्या जन्मवर्षीच, सुरू झाले होते. कार्ल आउगुस्ट पुढे अनेक वर्षे त्या मंडळाचे अध्यक्ष होते आणि पत्राची सूत्रेही त्यांच्याकडे होती. देशोदेशींची पत्रे यावयाची, टाचणीला टोचलेल्या भुंगेऱ्यांची देवघेव व्हावयाची, दूर गावी एकट्याने काम करणाऱ्या माणसास पत्राच्या एका अंकामुळे दहा सोबती मिळावयाचे. शास्त्र हे एका माणसाच्या डोक्यात वाढत असले तरी ते टिकते माणसांच्या परस्पर व्यवहारावर, हा धडा मुलाने पुस्तकातून घेतला नाही. तो त्याने घरातच पाहिला.

शिक्षणात मात्र आरंभी त्यांचे चित्त लागले नाही. क्योनिग्सबर्ग, बॉन, येना, बर्लिन अशी विद्यापीठे ते फिरले. १८६२ साली ते पुन्हा येना येथे आले आणि तेथे एर्न्स्ट हेकेल ह्या तरुण प्राध्यापकाने त्यांस डार्विनच्या सिद्धान्ताची ओळख करून दिली. ह्या भेटीने त्यांच्या आयुष्यास दिशा मिळाली. सर्व सजीव एका वंशवृक्षाच्या फांद्या असतील तर त्या वृक्षाची मुळे शोधावयाची कोठे? समुद्रात. कारण जीवसृष्टीचे जुने नमुने तेथेच विपुल आढळतात, आणि कित्येक सागरी प्राण्यांची अंडी व डिंभ इतके पारदर्शक असतात की जीव कसा घडत जातो हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. १८६५ साली ब्रेस्लाउ येथे डॉक्टरची पदवी घेतल्यावर हेल्गोलंड बेट, स्कॉटलंडचा किनारा आणि शेवटी सिसिलीतील मेसिना, असे डोर्न समुद्राच्या मागे लागले.

समुद्रकाठी काम करणे त्या काळी किती जिकिरीचे होते, ह्याची कल्पना आज येणे कठीण. संशोधक गावात येई तेव्हा त्यास ना खोली, ना पुस्तक, ना उपकरण. कोळ्यांची बोली समजेपर्यंत काही आठवडे जात. हवा तो प्राणी जाळ्यात येई तेव्हा तो कोळ्यांच्या लेखी टाकाऊ असे, आणि घरी आणीपर्यंत बहुधा मरून जाई. साऱ्याची घडी बसावी तो सुट्टी संपलेली असे. पुढच्या वर्षी दुसरा कोणी येई आणि पहिल्यापासून आरंभ करी. १८६८च्या हिवाळ्यात डोर्न मेसिना येथे निकोलाय मिक्लुखो-माक्लाय ह्या रशियन मित्रासह काम करीत होते. स्कॉटलंडहून त्यांनी नेता येण्याजोगे एक लहानसे मत्स्यपात्र बरोबर आणले होते. तेथे ह्या दोघा मित्रांनी एक स्वप्न पाहिले : रेल्वेच्या मार्गावर जशी स्टेशने असतात, तशी जगाच्या किनाऱ्यांवर शास्त्रज्ञांसाठी ठाणी असावीत. प्रवाशाने उतरावे, आपले काम करावे, पुढे जावे. ठाणे मात्र जागच्या जागी राहावे. मिक्लुखो-माक्लाय पुढे न्यू गिनीकडे गेले आणि १८८१ साली त्यांनी सिडनीजवळ असे एक ठाणे काढलेही. डोर्न ह्यांची नजर नेपल्सवर खिळली.

नेपल्सचे आखात प्राणिसंपत्तीसाठी प्रसिद्ध. शहर मोठे, आणि परदेशी प्रवाशांची तेथे सदैव वर्दळ. ह्या वर्दळीचा उपयोग कसा करावयाचा हे डोर्न ह्यांस बर्लिनच्या नव्या मत्स्यालयाने सुचविले. खाली लोकांसाठी मत्स्यालय काढावे, त्याच्या तिकिटांच्या पैशावर वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळा चालवावी, असा त्यांचा हिशेब. मुंबईचे १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी मुलाबाळांसह पाहिले असेल, त्यांस काचेमागच्या जिवंत समुद्राची ओढ काय असते हे सांगावयास नको. परंतु हिशेब मांडणे सोपे आणि जागा मिळविणे अवघड. डोर्न ह्यांस हवी असलेली जागा ऐन समुद्रालगतच्या सार्वजनिक बागेत होती. नगरपालिकेकडे खेटे घालणे, मध्यस्थ गाठणे, शंकांची उत्तरे देणे ह्यात दीर्घ काळ गेला. अखेर इमारत स्वतःच्या खर्चाने बांधण्याच्या अटीवर जागा विनामूल्य मिळाली. वडिलांस हा सारा उद्योग घरची संपत्ती पाण्यात टाकण्याचा वाटत होता. पितापुत्रांत त्यावरून कडवटपणाही आला. तरी शेवटी त्याच घराण्याचा पैसा ह्या कामी आला. मार्च १८७२ मध्ये बांधकाम सुरू झाले, १८७३च्या सप्टेंबरात इमारत उभी राहिली, २६ जानेवारी १८७४ रोजी मत्स्यालय लोकांस खुले झाले. त्याच वर्षी डोर्न ह्यांचा विवाह मारी फॉन बारानोव्स्का ह्यांच्याशी झाला.

इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक दालन आहे. सूक्ष्मदर्शकाशी दिवसभर डोळे शिणविणाऱ्या माणसाने सायंकाळी वाचावे, गाणे ऐकावे, चार माणसांत बसावे म्हणून डोर्न ह्यांनी ते योजले होते. १८७३च्या उन्हाळ्यात हान्स फॉन मारेस ह्या चित्रकाराने आणि आडोल्फ हिल्डेब्रांड ह्या शिल्पकाराने त्याच्या भिंती रंगविल्या. नाव वल्हविणारे कोळी, संत्र्यांची बाग, आणि एका भिंतीवर समुद्रकाठच्या खाणावळीच्या मांडवाखाली बसलेली मित्रमंडळी : त्यांत स्वतः डोर्न, त्यांचे सहकारी क्लाइनेनबर्ग, एक इंग्रज लेखक आणि हे दोघे कलावंतही. कलेच्या इतिहासात ही भित्तिचित्रे आज मारेस ह्यांच्या श्रेष्ठ कृतींत गणली जातात. पैशाची ओढाताण चालू असताना चित्रांवर आणि संगीतावर खर्च करणारा हा शास्त्रज्ञ व्यवहारी लोकांस विक्षिप्त वाटला असल्यास नवल नाही. माणसे एकत्र यावीत तर त्यांस बसावेसे वाटेल अशी जागा लागते, हे मेंडेलसनच्या धर्मपुत्रास ठाऊक होते.

मत्स्यालयाच्या तिकिटांवर प्रयोगशाळा चालेना. तेव्हा डोर्न ह्यांनी जी युक्ती काढली तीच त्यांची खरी कीर्ती. त्यांनी मेजे भाड्याने देण्यास आरंभ केला. एखादे सरकार, विद्यापीठ किंवा विद्वत्सभा वर्षाची ठराविक रक्कम भरून एक मेज घेई आणि त्या मेजावर आपल्या पसंतीचा अभ्यासक पाठवी. मेज म्हणजे नुसते लाकडी टेबल नव्हे. त्याबरोबर काम करण्याची जागा, वाहत्या समुद्रजलाच्या टाक्या, रसायने, ग्रंथालय आणि रोज पहाटे कोळ्यांनी आणलेले ताजे प्राणी, इतके सर्व मिळे. अभ्यासकाने काय अभ्यासावे ह्याबद्दल मात्र यजमानाची कसलीही अट नसे. प्रशिया, इटली, केंब्रिज विद्यापीठ अशा नावांनी यादी वाढत गेली. १८७४च्या अडचणीच्या वर्षी इंग्लंडातील निसर्गाभ्यासकांनी वर्गणी जमविली आणि स्वतः डार्विन ह्यांनीही तीत आपला वाटा घातला. जर्मन साम्राज्याच्या सरकारकडून वार्षिक मदत मिळावी म्हणून हेल्महोल्ट्झ, व्हिर्खो ह्यांच्यासारखे मातबर विद्वान पुढे झाले.

राजाश्रयाचे सुख आणि राजाश्रयाचे भय ही दोन्ही आपल्या संस्थानी शहरांतील जुन्या घरांस ठाऊक आहेत. बडोद्याच्या कलावंत कारखान्यात ज्यांच्या वाडवडिलांची नावे होती, त्यांनी १९४९ सालचे विलीनीकरणही पाहिले. आश्रयदाता कितीही उदार असो, एकाच छत्राखाली सारी विद्या असली की ते छत्र मिटताच ती उघड्यावर येते. डोर्न ह्यांनी ही गोष्ट आधीच ओळखली. त्यांचे ठाणे कोणत्याही एका राजाचे नव्हते. अनेक सरकारे त्याचे थोडे थोडे आश्रयदाते होती, आणि म्हणून कोणीही एकटा त्याचा धनी नव्हता. फ्रान्स आणि जर्मनी ह्यांचे युद्ध नुकतेच होऊन गेलेल्या युरोपात जर्मन, इंग्रज, रशियन, इटालियन अभ्यासक शेजारी शेजारी बसून एकाच आखातातील प्राणी चिरीत होते. एकाने रंग देण्याची नवी रीत काढली की आठवड्यात ती दहा मेजांवर पोहोचे आणि वर्षअखेर दहा देशांत.

ह्या घरातील चाकरमाणसांचीही कथा सांगण्याजोगी आहे. साल्व्हातोरे लो बियांको हा साध्या घरातील नेपल्सचा मुलगा चौदाव्या वर्षी ठाण्यावर कामास लागला. झेलीफिशसारखे पाण्याहून बळकट नसलेले जीव आकार न बिघडविता औषधी द्रवात कसे टिकवावयाचे, ह्यात त्याने असा हात बसविला की त्याच्या हातचे नमुने जगभरच्या संग्रहालयांनी विकत घेतले. त्या विक्रीचे उत्पन्न ठाण्यास मिळे. असे असताही १८९० साली ह्या साऱ्या कृती ठाण्याच्याच नियतकालिकात सविस्तर छापण्यात आल्या. राखून ठेवलेली चीज वही उघडून सर्वांपुढे ठेवावी, तसेच हे झाले. पोटावर पाय येण्याचा संभव असूनही विद्या वाटून टाकण्याचे हे उदाहरण आम्हा गाणेबजावणे करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे.

नियतकालिकांच्या बाबतीत डोर्न वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून चालले, आणि पुढेही गेले. ठाण्याची कल्पना लोकांपुढे मांडण्यासाठी १८७२ साली त्यांनी लंडनच्या ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात लेख लिहिला होता. नेपल्समध्ये स्थिर झाल्यावर त्यांनी तीन प्रकाशने हाती घेतली. १८७९ पासून ठाण्याचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. १८८० पासून नेपल्सच्या आखातातील प्राणी व वनस्पती ह्यांवरील प्रबंधांची माला सुरू झाली. तिचा पहिला ग्रंथ कार्ल खून ह्यांनी कंकतधारी प्राण्यांवर लिहिलेला. तिसरे काम सर्वांत कंटाळवाणे आणि कदाचित सर्वांत उपयोगी. वर्षभरात प्राणिशास्त्रावर जगात जे जे छापून येई त्याची नोंद व सारांश देणारे वार्षिक त्यांनी काढले. १८७९ सालच्या लेखनाचा आढावा घेणारे त्याचे पहिले वर्ष कारुस ह्यांनी संपादिले आणि पुढे पॉल मायर ह्यांनी ती जबाबदारी दीर्घकाळ वाहिली. दुसऱ्यांचे लेख वाचावयाचे, त्यांतील नवे काय ते चार ओळींत निवडून द्यावयाचे, आपले मत मध्ये येऊ द्यावयाचे नाही : ह्या कामात नाव नाही. पण दूरच्या लहान विद्यापीठात बसलेल्या एकाकी अभ्यासकास आपल्या विषयात कोण काय करीत आहे हे ह्याच पानांतून कळे. नेपल्सला येणे ज्यांस शक्य नव्हते, त्यांच्यासाठी ते कागदी मेजच होते.

ह्या बैठकीत कोण कोण बसून गेले! केंब्रिजच्या मेजावर प्रथम आलेल्यांत फ्रान्सिस बाल्फर हा तेविशीच्या आतील तरुण होता. मुशीच्या जातीच्या माशांच्या गर्भावर त्याने येथे केलेले काम तुलनात्मक गर्भशास्त्राचा पाया ठरले. १८८२ साली आल्प्स पर्वतात तो अपघाताने मरण पावला, तेव्हा डोर्न ह्यांचा एक जिवाभावाचा स्नेही गेला. पुढे ठाण्याच्या एका नौकेस त्याचे नाव देण्यात आले. थेओडोर बोव्हेरी ह्यांनी सी अर्चिन ह्या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग करून १९०२ साली दाखविले की पेशीतील गुणसूत्रे एकसारखी नसतात, प्रत्येकाचे कार्य वेगळे असते. आनुवंशिकतेच्या आजच्या शास्त्राचा हा एक आधारस्तंभ. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे टॉमस मॉर्गन आणि ओटो वारबुर्ग ह्यांनी तरुणपणी ह्याच ठाण्यावर काम केले. उत्तर ध्रुवाकडील प्रवासासाठी प्रसिद्धीस आलेले नान्सेन त्यापूर्वी मज्जातंतूंचे अभ्यासक म्हणून येथे येऊन गेले. अमेरिकेचे व्हिटमन नेपल्स पाहून परतले आणि १८८८ साली वुड्स होल येथे निघालेल्या सागरी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. विद्यापीठांची दारे स्त्रियांस पुरती उघडली नव्हती त्या काळात, १८९८च्या सुमारास, अमेरिकेतील स्त्रियांनी आयडा हाइड ह्यांच्या पुढाकाराने वर्गणी करून नेपल्सचे एक मेज स्त्री-संशोधकांसाठी राखून घेतले.

आणि यजमान? त्यांचे स्वतःचे गाणे राहून गेले काय? डोर्न हे नुसते व्यवस्थापक नव्हते. एका मोठ्या प्रश्नाने त्यांस आयुष्यभर पछाडले होते. पाठीचा कणा असलेले प्राणी कोणापासून उत्पन्न झाले? १८७५ साली लिहिलेल्या छोट्या ग्रंथात त्यांनी उत्तर दिले की गांडुळाच्या वर्गातील वलयांकित कृमींसारख्या पूर्वजापासून. मात्र त्याचे शरीर उलटे होऊन पोटाची बाजू पाठीकडे आली असली पाहिजे. त्याच ग्रंथात त्यांनी दुसरे एक तत्त्व मांडले. प्रत्येक अवयवास एक मुख्य काम असते व काही दुय्यम कामे; परिस्थिती बदलली की दुय्यम काम मुख्य होते आणि अवयवाचे रूप पालटते. हे दुसरे तत्त्व टिकले. पहिल्या सिद्धान्तास मात्र त्यांच्याच गुरूने, हेकेलने, आणि गेगेनबाउरसारख्या पंडितांनी कडाडून विरोध केला. १८८१ पासून डोर्न ह्यांनी आपल्या मताच्या समर्थनार्थ एकामागून एक निबंध लिहिले, बहुतेक ठाण्याच्या कामातून चोरलेल्या वेळात. पंप बिघडे, वर्गणी थके, एखाद्या मंत्र्यास भेटण्यासाठी बर्लिन गाठावे लागे, प्रकृती वारंवार ढासळे. विद्वानांनी त्यांचे मत स्वीकारले नाही. ह्याचे शल्य त्यांस होते. तरीही आपल्या मताच्या विरुद्ध लिहिणाऱ्यास नेपल्सचे मेज त्यांनी बंद केले नाही. तेथील मेजांवर बसणाऱ्यास कोणाचेही शिष्यत्व पत्करावे लागत नसे. १९९०नंतरच्या दशकात कीटकांच्या पोटाची बाजू ठरविणारी जनुके आणि कणाधारी प्राण्यांच्या पाठीची बाजू ठरविणारी जनुके एकाच कुळातील आहेत असे दिसून आले, तेव्हा शरीर उलटे झाल्याच्या जुन्या कल्पनेकडे शास्त्रज्ञ पुन्हा आदराने पाहू लागले. कृमीपासून थेट वंश चालत आल्याचे मत आजही मान्य नाही. पण उलटापालटीची गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, इतके ठरले.

२६ सप्टेंबर १९०९ रोजी म्युनिक येथे डोर्न ह्यांचे निधन झाले. तोपर्यंत युरोप व अमेरिकेतील २,२०० हून अधिक संशोधक नेपल्सला काम करून गेले होते आणि वर्षाला पन्नासांवर मेजे भाड्याने जात होती. पुत्र राइनहार्ट ह्यांनी संस्था हाती घेतली. पहिल्या महायुद्धात इटली जर्मनीच्या विरुद्ध पक्षास मिळाली तेव्हा त्यांस ठाणे सोडून जावे लागले. १९२४ साली ते पुन्हा संचालक झाले. दुसरा पुत्र वोल्फ ह्याने जर्मनीत हेलेराउ येथे जाक-दाल्क्रोझ ह्या संगीतशिक्षकासाठी १९११ साली विद्यालय उभारले, जेथे लय अंगात भिनविण्याचे शिक्षण देत. आजोबांच्या घरातील गाणे असे नातवात उमटले. हाराल्ड ह्या पुत्रास एप्रिल १९४५ मध्ये, हिटलरच्या राजवटीविरुद्धच्या उठावात भाग घेतल्याबद्दल, युद्ध संपावयास थोडे दिवस उरले असता ठार मारण्यात आले. संस्था मात्र राहिली. १९५१च्या वसंतात तेथील एका सभेत मॉरिस विल्किन्स ह्यांनी डीएनएचे क्ष-किरण चित्र दाखविले. ते पाहून जेम्स वॉटसन ह्या तरुणाचे मन त्या प्रश्नाकडे वळले आणि दोन वर्षांत त्या रेणूची रचना उलगडली. १९८२ पासून संस्थेस डोर्न ह्यांचेच नाव आहे.

आपल्याकडेही ह्या विचाराची झुळूक आली होती. बडोदे संस्थानाच्या ताब्यातील ओखामंडळाच्या किनाऱ्यावरील सागरी प्राण्यांची पाहणी जेम्स हॉर्नेल ह्यांच्याकडून करविण्यात आली आणि तिचा पहिला भाग १९०९ साली, म्हणजे डोर्न ह्यांच्या मृत्युवर्षीच, प्रसिद्ध झाला. दुसरा १९१६ साली. हॉर्नेल ह्यांनी गोळा केलेल्या एकेका वर्गातील प्राण्यांवर त्यात निरनिराळ्या तज्ज्ञांनी लिहिले आहे. एकाने जमवावे, अनेकांनी अभ्यासावे आणि राज्याने छापावे, हा धडा नेपल्सच्या शाळेतलाच.

डोर्न ह्यांच्या नावावर एखादा जगप्रसिद्ध शोध नाही. नेपल्सला गेलेल्या प्रवाशास मात्र बागेतील झाडांमधून ती पांढरी इमारत अजून दिसते. तिच्या भिंतीवर मांडवाखाली बसलेल्या मित्रांत एक दाढीधारी तरुण आहे. बैठक त्याने घातली, आणि ती अजून उठलेली नाही.